पेटीत काय ठेवायचं

माझ्या टेबलावर कायम एक यादी असते. तिला तीन रकाने असतात: ठेवायचं, काढायचं, विचारायचं. प्रवासाची बॅग भरताना, माळा आवरताना, दिवाळीच्या आधी फडताळं उपसताना मी हेच तीन रकाने आखते. घरचे हसतात, पण वस्तू हवी असली की मलाच विचारायला येतात. गेल्या पावसाळ्यात मात्र तिसऱ्या रकान्यातली एक ओळ काही केल्या हलत नव्हती. ओळ अशी होती: पॅकेज मॅनेजर.

आमचं छोटं वर्कशॉप कोरेगाव भीमाला, हायवेपासून थोडं आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. नदीवरच्या आणि विहिरीवरच्या मोटरी मोबाइलवरून चालू-बंद करायच्या पेट्या आम्ही बनवतो. मी रोज शिरूरहून येते. पेटीच्या आतलं सॉफ्टवेअर माझ्याकडे, आणि जोडीला दौंडची एक इंजिनियर. वयाने माझ्याहून बरीच लहान, वाद घालण्यात माझ्याहून बरीच मोठी. रेल्वे कॉलनीत वाढलेली असल्यामुळे वेळेच्या बाबतीत कडक, आणि बोलताना मधूनच हिंदीत घसरणारी.

पेटीत एक छोटा बोर्ड असतो आणि त्यावर नखाएवढी मेमरी. त्या मेमरीत आम्ही जे काही भरून पाठवतो, ते सगळं मिळून एक इमेज. शेडमध्ये कुणी नवीन आलं की मी त्याला सांगते, इमेज म्हणजे भरलेला डबा. सकाळी भरला, झाकण लावलं, की आत आहे ते आहे. भाजीत मीठ कमी पडलं असेल तर भाजी बदलता येत नाही, दुसरा अख्खा डबा पाठवावा लागतो. पॅकेज मॅनेजर म्हणजे त्या डब्यातच बसवून दिलेला एक स्वयंपाकी. तो हवा तेवढाच पदार्थ मागवून घेतो, जुना काढतो, नवा ठेवतो, आणि आत काय काय आहे ते विचारल्यावर सांगतो. ऐकायला छान वाटतं. पण स्वयंपाकी बसायला जागा लागते, त्याची भांडीकुंडी लागतात, आणि एवढ्याशा मेमरीत प्रत्येक चमच्याचा विचार करावा लागतो.

माझं मत तो ठेवावा असं होतं. नदीकाठी मोबाइलची रेंज जेमतेम. छोटीशी दुरुस्ती पाठवायला अख्खी इमेज कशाला ढकलायची? तेवढा तुकडा पाठवला की झालं. सहकारी म्हणायची, "मॅडम, आज तुम्ही एका पेटीला तुकडा पाठवणार, उद्या दुसरीला दुसरा. सहा महिन्यांनी दोन पेट्या एकसारख्या राहणार नाहीत. मग फोन आला की आधी विचारायचं, बाई, तू नेमकी कोण?"

"पेटीला विचारलं की पेटी सांगते ना, तिच्यात काय आहे ते."

"पेटी खरंच सांगते. पण ती कुठे बसलीय हे तिला कुठे ठाऊक असतं?"

तेव्हा मला हे वाक्य उगाच फाटे फोडणारं वाटलं. आम्ही एक मधला मार्ग काढला. वडगाव रासाईला भीमेच्या काठावर ज्या थोड्या पेट्या चाचणीसाठी दिल्या होत्या, त्यांच्यात पॅकेज मॅनेजर ठेवायचा, आणि काय होतं ते बघायचं.

पहिला तुकडा आम्ही पाठवला तो मोटर कोरडी चालू नये म्हणून. नदीतल्या पाइपाची जाळी गाळाने तुंबली की मोटर पाण्याशिवाय फिरत राहते, तापते आणि जळते. कोरड्या मोटरीला करंट कमी लागतो. पेटीने तो मोजायचा आणि ठरावीक रेषेच्या खाली गेला की मोटर बंद करायची. आता साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीची रेषा वेगळी, पाचची वेगळी. म्हणून ज्याची जशी मोटर तसा तुकडा, ज्याच्या त्याच्या पेटीला. एका दुपारी बसून मी सगळे पाठवले. सगळ्या पेट्यांनी बसवला म्हणून कळवलं, आणि मी ती ओळ तिसऱ्या रकान्यातून उचलून पहिल्या रकान्यात नेली.

काही दिवसांनी सकाळी फोन आला. फोन करणारा वडगाव रासाईचा. तीस-बत्तिशीचा, कुरकुंभला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायचा आणि घरी नदीकाठच्या रानात दसऱ्यासाठी झेंडू लावायचा. घरात तो, त्याची बायको आणि आई. बायको त्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी गेलेली.

"मॅडम, मोटर बंद पडती सारखी. चालू केली की जरा येळानं आपोआप बंद. पानी न्हाई म्हनतीया तुमची पेटी, आन् हिकडं नदी भरून चाललीय!"

मी स्क्रीन उघडला. त्याच्या पेटीचा नंबर शोधला. मोटर चालू, करंट भरपूर, सगळं हिरवं.

"दादा, तुमची मोटर चालू दिसतेय मला."

"कुठं चालू हाय?"

"चालू आहे. आत्ता, या घडीला."

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "मी मोटरीवर हात ठिवून हुबा हाय."

शेजारी सहकारी स्क्रीनवर वाकून बघत होती. तिने एक बोट पुढे करून दुसरी एक ओळ दाखवली. त्याच काठावरची दुसरी पेटी, त्याच्या चुलत्यांची. ती मोटर चालू होत होती आणि बंद पडत होती, पाणी नाही, पाणी नाही असं सारखं कळवत होती. त्याच वेळी फोनमधून स्टार्टरचा खट्ट असा आवाज आला, आणि स्क्रीनवर चुलत्यांची मोटर बंद पडली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला राग किंवा काळजी वाटायच्या आधी नवलच वाटलं. हे असं कसं होऊ शकतं? तार बदलली? नंबर लिहिताना गोंधळ झाला? पण मग इतके दिवस नीट कसं चाललं होतं?

तो पुढे बोलत होता. आज त्याची दुसरी पाळी होती, दुपारची. नदीत धरणाचं पाणी सुटलेलं, पण पावसाने ओढ दिलेली, झेंडू नेमका कळीवर. या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट दिवसा होती, म्हणजे बरीचशी तो कंपनीत असताना. पेटी बसवल्यापासून तो कंपनीतूनच मोटर चालवायचा. आता ती मोबाइलचं ऐकत नव्हती, हाताने लावली तर पाच मिनिटं टिकत नव्हती, आणि सारखी चालू करायला काठावर कुणीतरी बसायला हवं. आईचे गुडघे गेलेले, तिला तो उतार रोज उतरवत नाही. शिवाय उसातून वाट, आणि त्या उसात बिबट्या दिसल्याचं गावभर झालेलं.

"काल खाडा केला मॅडम. सुपरवायजर म्हनला, आज आला न्हाईस तर उद्या येऊच नगंस, तुझ्या जागी माणूस हुबा हाय. आता तुमीच सांगा, फुलं सोडू का कंपनी सोडू?"

मी कधी असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. निघतो म्हटलं. पाचेक मिनिटांत लॅपटॉप, केबल, एक कोरी पेटी, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या गाडीत टाकल्या. सहकारी म्हणाली, "एक गोष्ट राहिली. शांत डोकं." मी म्हटलं, ते यादीत नाही, ते मी वर ठेवते.

न्हावऱ्यावरून आम्ही गेलो. वडगावात शिरल्यावर तो रस्त्यावरच गाडीवर बसून वाट बघत होता. कंपनीचा निळा शर्ट आधीच घातलेला, डबा हँडलला अडकवलेला. म्हणजे निघायच्या तयारीत होता. माझ्या हे लक्षात आलं आणि मी लगेच त्याच्या मागे गाडी घेतली.

रानाच्या कडेला त्याची आई उभी होती.

"ह्याच का त्या पेटीवाल्या बाई?"

"व्हय. मॅडम हायेत."

"बाई, पेटी बसली तवा हळदीकुकू मीच लावलं हुतं," ती मला म्हणाली. "कमी पडलं का काय?"

"नाही मावशी, तुमच्याकडून काही कमी पडलेलं नाही."

"मंग तुमच्याकडनं पडलं आसंल."

सहकारी खाली बघून हसली. मी नाही.

उसाच्या कडेने उतरून नदीकाठी पोचलो. तिथे एक छोटी पत्र्याची खोली आहे. भावकीतल्या मोटरींचे स्टार्टर तिथे एका ओळीत लावलेले, आणि प्रत्येकाच्या शेजारी आमची एक पेटी. पेटीला आम्ही मुद्दाम प्लग दिला होता, म्हणजे बिघडली तर शेतकऱ्यालाही काढता यावी. सगळ्या पेट्या रंगाने, आकाराने एकसारख्या. नंबराची चिठ्ठी खालच्या अंगाला, आणि त्या चिठ्ठ्यांवर मावशींनी मनापासून लावलेलं कुंकू. एकही नंबर वाचता येत नव्हता.

सहकारीने त्याच्या मोटरीच्या पेटीला केबल लावली. तिने विचारलं, पेटीने नंबर सांगितला. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

ती पेटी त्याची नव्हती. चुलत्यांची होती.

"दादा, ही पेटी इथून तिथे कुणी लावली का?"

"न्हाई. मी तर हातबी लावला न्हाई."

"मी लावली की," दारातून आवाज आला. त्याचे चुलते आले होते, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. डोक्याला टॉवेल, हातात विळा. "त्यात काय झालं?"

"आप्पा! तुमी कवा लावली?"

"तू कामाला गेलता तवा. माझी मोटर पानी टाकीना. पेटी बिगाडली का मोटर बिगाडली ते कसं कळायचं? ह्याची काढून त्येला लावून बघायची. जाळीबी साफ केली. चालली मोटर. मंग तुझी पेटी माझ्याकडं राहिली, माझी तुझ्याकडं. पेट्या काय दोन तऱ्हेच्या हायेत व्हय? सगळ्या सारख्याच की."

"सांगायचं तरी मला!"

"फ्यूज बदलताना सांगतो का? स्टार्टरची कॉइल न्हेतो तवा सांगतो का? गेल्या साली तू माझा पाइप न्हेला, तू सांगितलंस का?"

मी स्टार्टरच्या त्या ओळीकडे पाहत राहिले. किती साधं होतं. त्या खोलीत स्टार्टर, फ्यूज, वायरचे तुकडे, पाइप, नट, सगळं भावकीचं होतं. एकाचं अडलं की दुसऱ्याचं काढून लावायचं. बिघाड शोधायची त्यांची पद्धतच ती. त्यांच्या लेखी वस्तू त्या खोलीची होती, आणि आमच्या लेखी एकेक पेटी एकेका मोटरीची. चुलत्यांची साडेसातची मोटर, म्हणून त्यांच्या पेटीत मी साडेसातचा तुकडा बसवला होता. ती पेटी पाचच्या मोटरीला लागली. पाचची मोटर भरून पाणी ओढत असली तरी तिचा करंट साडेसातच्या रेषेखालीच राहणार. पेटीला वाटायचं मोटर कोरडी आहे, आणि ती इमानेइतबारे बंद करायची.

मी आप्पांना हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजी पेटी शानी झाली म्हून घोळ झाला."

"तसंच काहीसं."

"आदी येडी हुती तवा बरी हुती."

"आप्पा, सोपा उपाय आहे. तुमच्या मोटरीची पेटी काढते, याला लावते. याची तुम्हाला. एका मिनिटाचं काम."

"हात लावायचा न्हाई!" आप्पा विळ्यासकट दारात आडवे झाले. "माझी मोटर आत्ता चालू हाय. उसाला पानी चाललंय. ती पेटी माझ्या मोटरीला लागू पडलीय. लागू पडलेली वस्तू कुनी काढतं व्हय?"

"आवो आप्पा, मला पाळी हाय!" पुतण्या म्हणाला. "अर्ध्या तासात न्हाई निघालो तर गेली नोकरी."

"तुझी पाळी कंपनीची. माझी लाइटीची. लाइटीलाबी शिफ्ट असती, ती काय माझ्यासाठी थांबती का?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि घड्याळ कुणाच्याच बाजूने नव्हतं. मी सहकारीकडे पाहिलं. ती केबल धरून वाट बघत होती. माझ्या मनात जे आलं ते तिच्याही आलं होतं, आणि ते तिला आवडलेलं नव्हतं. पेटी हलवायची गरजच नव्हती. पेटीत पॅकेज मॅनेजर होता. साडेसातचा तुकडा काढ आणि पाचचा ठेव, एवढं त्याला सांगायचं.

"करा," ती म्हणाली. "तुमचाच आहे तो."

मी लॅपटॉपवरून पाचचा तुकडा केबलमधून आत सोडला. जुना निघाला, नवा बसला. सहकारीने पुतण्याचा मोबाइल त्या पेटीला जोडून दिला. पुतण्याने बटण दाबलं. मोटरीने आवाज धरला. आम्ही सगळे त्या आवाजाकडे कान लावून उभे राहिलो, आप्पाही. ज्या वेळेला ती एरवी बंद पडायची ती वेळ गेली. तिच्यापुढची बरीच वेळ गेली. मोटर चालत होती.

पुतण्याने खिशातून गाडीची चावी काढली.

"मॅडम, जातो मी. पुन्ना न्हाई ना बंद पडनार?"

मला खोटं बोलता येत नाही. "आप्पांनी पेटी पुन्हा बदलली नाही तर नाही पडणार."

"आप्पा?"

"जा रं तू. न्हाई बदलत."

तो म्हणाला, "आप्पांचा शबूद म्हंजी..." आणि पळतच उतार चढून, वर गाडीला किक मारून गेला. वडगावातून नदी ओलांडून चौफुला, तिथून हायवेने कुरकुंभ. वेळेत पोचेल की नाही, हे आम्हाला संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं.

आप्पांच्या मोटरीची पेटी मात्र अजून चुकीचीच होती. तिच्यात पाचचा तुकडा, म्हणजे जाळी पुन्हा तुंबली असती तर साडेसातची मोटर कोरडी फिरत राहिली असती आणि पेटी डोळे मिटून बसली असती. आप्पा लाइट जाईपर्यंत हात लावू देणार नव्हते. म्हणून आम्ही थांबलो. मावशींनी झेंडूच्या बांधावर चहा आणला.

मी बसले होते तिथे पायाजवळून ठिबकची नळी गेलेली होती. मोटर व्यवस्थित चालत होती आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक थेंब पडत होता, सावकाश, घाई नाही. मी सवयीने तोंडातल्या तोंडात मोजायला लागले, मग सोडून दिलं.

"मावशी, पूर्वी पाटाने पाणी द्यायचात ना?"

"व्हय तर. पाटाला बारं धरायला मानूस लागायचं. हितलं मोडलं, तितलं फुटलं. आता ह्ये आपलं आपलं भरतंय. लाइट गेली तर थांबतंय, आली की पुन्ना सुरू."

मी चहा हातात धरून बसले. सहकारीला हाक मारली आणि तिला त्या नळीकडे बघायला सांगितलं. तिला आधी वाटलं, साप आहे. मग तिनेही पाहिलं.

मी म्हटलं, "आपण अख्खी इमेज का नाही पाठवत म्हणतो? कारण रेंज नाही, मोठी फाइल एका दमात उतरत नाही. पण एका दमात उतरवायची कुणी सांगितलीय?"

"म्हणजे ठिबकने?"

"ठिबकने. मेमरीचे दोन भाग करायचे. चालू इमेज एका भागात. नवी दुसऱ्या भागात थेंब थेंब उतरू द्यायची. रेंज गेली, थांब. लाइट गेली, थांब. आठवडा लागला तरी लागू दे. पूर्ण उतरली, तपासून झाली, की मग पेटीची त्या भागावर उडी."

"दोन इमेजला जागा?"

"स्वयंपाक्याला काढलं की थोडी निघेल. बाकीची छाटून काढू."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, आत्ता तासाभरापूर्वी तोच कामाला आला."

"माहितीय."

लाइट गेल्यावर आप्पांच्या पेटीचं काम केलं. तिच्यात आत बॅटरी असते, त्यामुळे अडलं नाही. आप्पा शेजारी उभं राहून बघत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "लागू पडलेलं जाणार न्हाई ना?"

परत येताना गाडीत तिने विचारलं, "आज तो होता म्हणून मोटर दुरुस्त झाली, की तो होता म्हणून बिघडली?"

हा प्रश्न मी शिक्रापूरपर्यंत उलटसुलट करून पाहिला. दोन्ही खरं होतं. तुकडे पाठवायची सोय नसती तर पेट्या वेगळ्या झाल्याच नसत्या आणि आप्पांनी कितीही अदलाबदल केली तरी मोटर अशी बंद पडली नसती. पण मोटरी वेगळ्याच आहेत, त्यांचं काय? सगळ्यांना एकच रेषा चालणार नाही. फरक तर हवा. फक्त तो पेटीत नको.

"फरक भिंतीवर ठेवू," मी म्हटलं.

"काय?"

"लोक पेटी हलवतात. स्टार्टर तर भिंतीला ठोकलेला आहे, मोटर काठावर बोल्टने आवळलेली आहे, ती हलत नाही. मोटर किती मोठी आहे ते सांगणारी एक छोटी चिप स्टार्टरच्या पॅनेलमध्ये बसवू, प्लगच्या मागे. पेटी कुणाचीही लावा. लावल्या लावल्या ती चिपला विचारेल, मी कुठे आले? मोबाइलही त्या चिपशीच जोडलेला. सगळ्या मोटरींच्या रेषा सगळ्या पेट्यांत. सगळ्या पेट्या सारख्या."

ती हसली. "म्हणजे पेटीला कळणार ती कुठे बसलीय."

"तुझं वाक्य आहे. आठवतंय मला."

ती पुढे काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. मी तिच्या जागी असते तर निदान कोरेगावपर्यंत बोलले असते.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. सुट्टीत पाठवलेला फोटो, त्यात फक्त हजेरीचं मशीन आणि त्यावर टेकवलेलं बोट. खाली एक शब्द: पोचलो.

पुढचे आठवडे आम्ही छाटणी केली. इमेजमध्ये कोण कशासाठी बसलंय हे एकेकाला विचारणं हे माझ्या आवडीचं काम. एखादा तुकडा काढायचा, इमेज बांधायची, चालते का बघायचं. काही जण विनाकारण जागा अडवून होते, काही असे की त्यांना काढलं तर घड्याळच बंद पडलं. पॅकेज मॅनेजर पेटीतून काढला, तो मात्र कामावरून गेला नाही. आता तो आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर असतो. इमेज बांधताना सगळे तुकडे तोच निवडतो, जुळवतो, डबा भरून देतो, आणि झाकण लागलं की मागे राहतो. मला हे आधी का सुचलं नाही असं सहकारीने विचारलं नाही. मी स्वतःला विचारलं, आणि त्याचं उत्तर मिळवण्यात वेळ घालवला नाही. पुढचं काम होतं.

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही वडगावच्या खोलीत चिपा बसवून आलो. नवी इमेज त्यानंतर ठिबकत ठिबकत सगळ्या पेट्यांत उतरली. एका पेटीला बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त वेळ लागला. तिच्या अँटेनाच्या वायरीवर आप्पांनी टॉवेल वाळत घातला होता.

मग एका दुपारी मी जेवायच्या आधी स्क्रीन बघत होते. वडगावच्या खोलीतली एक पेटी एका चिपवरून निघाली आणि दुसऱ्या चिपवर गेली. तिच्या जागी दुसरी आली. मिनिटभर दोन्ही मोटरी बंद. मग दोन्ही चालू, दोन्ही आपापल्या रेषेवर. मी डबा बाजूला ठेवला आणि सहकारीला बोलावलं. आम्ही दोघी उभ्या राहून बघत राहिलो. मोटरी चालतच होत्या.

न राहवून मी आप्पांच्या पुतण्याला फोन लावला. मागे कंपनीचा घरघराट.

"दादा, तुमच्या मोटरीची पेटी आत्ता कुणीतरी बदलली."

"आप्पांनी बदलली आसंल. मी कंपनीत हाय. का वो, बंद पडली का?"

"नाही. चालू आहे."

"फुलांना पानी जातंय न्हवं?"

"जातंय."

"मंग आसूंद्या की मॅडम," तो म्हणाला. "ठिवू का फोन? सुपरवायजर बघतोय."

त्याने ठेवला. मी यादी काढली, तिसऱ्या रकान्यात वडगावसमोर काही लिहायचं आहे का पाहिलं, नव्हतं, आणि जेवायला बसले.